चार बदलायचे होते, पाच बदलले

ज्या बाईंच्या हातून घडलेल्या चुकीमुळे माझे पती तानबा मडावी यांचा जीव गेला, त्या पौर्णिमा ताकसांडे यांची हकीकत मी लिहीत आहे. आमच्या प्रौढ वर्गाच्या वार्षिकासाठी प्रत्येकाने आपल्या माहितीतील एका साध्या माणसाविषयी लिहावे, असे ठरले आहे. कोणी आई निवडली, कोणी भाऊ, कोणी गुरुजी. मी पौर्णिमाबाईंना विचारून त्यांना निवडले. त्या म्हणाल्या, "लिहा मावशी. पण वाढवून लिहू नका, अन् कमी करून बी लिहू नका." ती अट मी पाळणार आहे.

पौर्णिमाबाई देवळीच्या. त्यांचे वडील नत्थूजी यांचे बसस्थानकाजवळ पंखे आणि पाण्याच्या मोटारी भरून देण्याचे लहान दुकान आहे. मोटार भरणे म्हणजे जळालेली तार काढून तिच्या जागी नवी तार मोजून गुंडाळणे. शाळेतून आल्यावर पौर्णिमाबाई वडिलांसमोर बसून वेढे मोजत. मोजणीत एका वेढ्याचा जरी संशय आला, तरी नत्थूजी सगळी गुंडाळी उकलत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. आई सावंगीला दवाखान्यात आया होत्या. त्यांच्या पगारावर पौर्णिमाबाईंनी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पुढे लग्न झाले आणि दोन वर्षांत मोडले. त्याविषयी लिहू नका, असे त्यांनी सांगितल्यामुळे मी लिहीत नाही.

देवळीबाहेर रुपेश नावाच्या गृहस्थांचा एक छोटा कारखाना आहे. तिथे झटका मशीन तयार होते. आमच्या भागात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत, म्हणून शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तार ओढतो आणि तिला हे मशीन जोडतो. मशीन बॅटरीवर चालते. दर सेकंदाला ते तारेत एक झटका सोडते. झटका इतका थोडा वेळ टिकतो की जनावर दचकून मागे सरते, पण मरत नाही. दोन झटक्यांच्या मध्ये जी फुरसत असते, तिच्यात माणूसही हात सोडवून घेऊ शकतो. ही फुरसत फार महत्त्वाची आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मशीनच्या आतील बोर्डाचे चित्र कॉम्प्युटरवर काढण्याचे काम पौर्णिमाबाईंकडे होते. नऊ वर्षे त्यांनी ते केले. बोर्डावर बसणाऱ्या प्रत्येक भागाला पाय असतात. ते पाय ज्या भोकांत आणि तांब्याच्या टिकल्यांवर बसायचे, त्यांचा नमुना चित्रात ठेवावा लागतो. त्या नमुन्याला फूटप्रिंट म्हणतात. भाग वेगळा आला, की त्याचा फूटप्रिंट बदलावा लागतो. नाहीतर पाय चुकीच्या जागी जातात.

मागच्या वर्षी पावसाळ्यात नागपूरच्या व्यापाऱ्याकडचे नेहमीचे ट्रान्झिस्टर संपले. रुपेश दुसऱ्या कंपनीचे घेऊन आले. त्यांचे काम तेच होते आणि दिसायलाही ते तसेच होते, पण तीन पायांपैकी मधल्या आणि कडेच्या पायाची अदलाबदल झालेली होती. असे चार ट्रान्झिस्टर एका बोर्डावर लागत.

रुपेश म्हणाले, "ताई, सोयाबीन टोंगळ्याइतकं आलं, रोही वावरात उतरून राह्यले. लोकं आजच मशीन मांगून राह्यले. दिवस बुडाच्या आत फाईल पाठवा बरं."

"चार तर बदलाचे आहेत. तुम्ही चहा पिऊन या, तोवर होते," पौर्णिमाबाई म्हणाल्या.

फूटप्रिंट बदलण्याची जी चौकट पडद्यावर उघडते, तिच्यात निवड करावी लागते. निवडलेला एकच भाग बदलायचा, की त्या फूटप्रिंटचे सगळे भाग एकदम बदलायचे? एकेक करून चार वेळा तीच चौकट उघडण्यापेक्षा त्यांनी सगळे एकदम बदलले. परंतु बोर्डावर एक पाचवा ट्रान्झिस्टर होता. तो निराळ्या जातीचा, जुन्याच कंपनीचा. मात्र त्याचा फूटप्रिंट इतर चारांसारखाच होता. चारांबरोबर तोही बदलला गेला, आणि नव्या फूटप्रिंटच्या छापात भागाचे तोंड उलट बाजूला असल्याने त्याचेही तोंड फिरले. कॉम्प्युटरने तपासणी करून चूक नाही असे सांगितले, कारण तारा एकमेकींना चिकटल्या आहेत काय, एवढेच तो पाहतो. भागाचा कोणता पाय कुठे जायला हवा, हे माणसाने सांगितले तसेच तो खरे मानतो. पौर्णिमाबाईंनी आपल्या वहीत लिहिले, "चार ट्रान्झिस्टरचे फूटप्रिंट बदलले." ती वही मी पाहिली आहे.

पाचवा ट्रान्झिस्टर राखणदाराचा होता. मशीनची वेळ बिघडून झटके न थांबता एकामागून एक पडू लागले, तर मशीन बंद पाडणे एवढेच त्याचे काम. बिघाड झाला नाही तर त्याला काही काम नाही. म्हणून तो मेलेला असला तरी मशीन उत्तम चालते.

बोर्ड छापून आले. त्यांच्यावर भाग बसवण्याचे काम मोहिनी नावाच्या बाई करीत. पहिलाच बोर्ड हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ताई, ते चार तर नवीन आहेत, पण या पाचव्याचं तोंड इकडं काऊन आहे? मांगच्या बोर्डावर तिकडं होतं."

"नवीन फाईल आहे ना व. छापलं तसं बसवजो."

"मी बसवतो. मले काय. पण तोंड फिरलं आहे."

"तुह्यं तोंड आधी बंद कर, मंग त्याचं पाहू," पौर्णिमाबाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

छापले तसे बसवायचे, हा नियम पौर्णिमाबाईंनीच घालून दिला होता. पूर्वी एका मुलीने आठवणीवर विसंबून तीस बोर्ड वाया घालवले होते, तेव्हापासून. राखणदाराची परीक्षा घ्यायची तर मशीनची वेळ मुद्दाम बिघडवावी लागते. पहिल्या खेपेला त्यांनी ती घेतली होती. एवढ्याशा बदलासाठी पुन्हा घेतली नाही. या खेपेची अडतीस मशीन विकली गेली. त्यांपैकी एक आर्वीच्या दुकानातून माझ्या पतींनी आणले.

आमचे गाव आर्वी तालुक्यात जंगलाला लागून आहे. आमचे तीन एकर वावर आहे. तार जिवंत आहे की नाही हे पाहण्याची आमच्याकडे एक रीत आहे. ओल्या गवताची काडी तोडायची आणि तिचे टोक तारेला लावायचे. बोटांना हलकी टिचकी बसली, की मशीन चालू आहे. सगळे गाव असेच करते. तानबा रोज सकाळी असेच करीत. पोळ्याच्या चार दिवस आधी सकाळी आठच्या सुमारास त्यांनी काडी लावली. मशीनमध्ये पाल शिरली होती, हे पुढे कळले. तिच्यामुळे वेळ बिघडली होती आणि झटके फुरसत न देता पडत होते. मी न्याहारी घेऊन गेले, तेव्हा ते तारेवर पडलेले होते आणि त्यांची मूठ तारेवर आवळलेली होती.

आमच्या धुऱ्याजवळ शेजाऱ्याच्या पंपाचा विजेचा डबा आहे. त्याच्या खाली वायरचा एक तुकडा पडलेला होता. पंचनामा झाला. कागदावर काय लिहिले आहे, असे मी विचारले. "तुमचा नवरा करंट लागून मेला, तेच लिहिलं आहे," असे उत्तर मिळाले. मी अंगठा दिला. आठ दिवसांनी माझा भाचा सूरज याने नक्कल वाचून दाखवली, तेव्हा समजले की मयताने पंपाच्या डब्यातून कुंपणात थेट वीज सोडली होती आणि त्याने तो मेला, असे त्यात आहे. म्हणजे माझे पती चोर ठरले. ज्या तारेला कोणाचेही मूल हात लावू शकले असते, तिच्यात मरण सोडणारे ठरले. आणि खाली माझा अंगठा होता.

पानठेल्यावर श्रावण लोकांना सांगू लागला, "तानबानं फुकटची वीज घेतली, अन् विजेनं तानबाले घेतलं." लोक हसत. मी समोरून गेले की गप्प होत.

इकडे देवळीजवळच्या एका खेड्यातून एक मशीन कारखान्यात परत आले. तारेला लागून बकरी मेली होती. पौर्णिमाबाईंनी ते उघडले. राखणदार मेलेला का, हे त्यांना उमजेना. त्यांनी फाईल उघडली, जुनी आणि नवी फाईल शेजारी लावल्या, आणि वहीत चार लिहिले असताना फाईलमध्ये त्यांना पाच बदललेले दिसले. "मले पह्यले मोहिनीच आठवली," असे त्यांनी मला सांगितले.

त्या रुपेशकडे गेल्या. ते म्हणाले, "पुढच्या खेपेले दुरुस्त करू. आता बोंबललं तर कारखान्याले कुलूप लागते. नऊ घरं आहेत याच्यावर, तुमचं धरून."

"अन् अडतीस वावरं आहेत त्याचं काय, भाऊ?"

"बकरीच तर मेली."

पौर्णिमाबाईंनी दुकानांतून नावे गोळा केली आणि सुट्या टाकून एसटीने गावोगाव फिरू लागल्या. पिशवीत बॅटरीवर चालणारा सोल्डरिंगचा कावीया, थोडे ट्रान्झिस्टर आणि बारीक नळी असे. पाचवा ट्रान्झिस्टर काढायचा, त्याचे दोन पाय एकमेकांवरून वाकवून, ते चिकटू नयेत म्हणून नळी घालायची आणि बसवायचा. वीस मिनिटांचे काम. लोकांना त्या "कंपनीची फुकट सर्व्हिस आहे" असे सांगत. हे खोटे होते. त्यांनी ते लिहायला सांगितले, म्हणून लिहिले.

अठ्ठावीस मशीन झाल्यावर त्या आमच्या गावी आल्या. तेरवी होऊन गेली होती. मी अंगणात तूर निवडत होते.

"मावशी, तानबाजी आहेत काय? झटका मशीनची सर्व्हिस कराची होती."

"तो नाई राह्यला, बाई. तारीवरच गेला."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. कसे झाले, असे त्यांनी विचारले आणि मी सगळे सांगितले. पंपाचे सांगितले, अंगठ्याचेही सांगितले. मग त्या म्हणाल्या, "मशीन पाहू काय?" मशीन अजून वावरात खांबावरच लटकत होते. पोलिसांनी तार तेवढी नेली होती. त्यांनी ते उघडले. आत वाळलेली पाल होती. त्यांनी बराच वेळ आत पाहिले. मग झाकण लावले, "येतो मावशी" म्हणाल्या आणि बसकडे चालू लागल्या. पाणीसुद्धा घेतले नाही. मला वाटले, शहरातल्या बाईला पाल पाहून किळस आली असेल.

उरलेली नऊ मशीन त्यांनी पुढच्या पाच दिवसांत दुरुस्त केली. आमच्याकडे मात्र आल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तानबाजीनं पंपाची वीज नव्हती घेतली. मशीनच खराब होतं. ते मी खराब केलं."

मला काही समजले नाही. त्यांनी पिशवीतून तसाच एक बोर्ड काढला आणि या लेखात वर मी जे लिहिले आहे ते सर्व मला सांगितले. दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा मला समजले.

मी म्हटले, "त्या दिवशी तू हे पाहूनच गेलती ना?"

"हाव."

"मंग काऊन नाई सांगतलं? नऊ दिवस माह्या माणसाले लोकं चोर म्हणून राह्यले. तुले माहीत होतं."

"भेव वाटलं, मावशी."

"कोणाचं?"

"तुमचं."

मी त्यांना आत या म्हटले नाही. माझ्या मनात जे आले ते येथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी मी एवढेच म्हटले, की मला सांगून उपयोग नाही. गाव मला खोटी म्हणेल. गावासमोर सांग. त्या म्हणाल्या, "कवा?" मी म्हटले, दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे.

त्या येतील असे मला वाटले नव्हते. त्या आल्या. पाणीपट्टीचा विषय चालू होता. तो संपल्यावर त्यांनी उभे राहून आपले नाव सांगितले, गाव सांगितले आणि बोर्ड हातात धरून बोलू लागल्या. मध्येच श्रावण म्हणाला, "म्हणजे कॉम्प्युटरनं मारलं म्हणता तानबाले."

"कॉम्प्युटरनं नाई. मी."

"किती देल्ले बाई तुले रामबाईनं?" मागून कोणी तरी म्हणाले. रामबाई हे माझे नाव.

"त्याईच्या घरचं पाणी बी पेली नाई मी अजून," पौर्णिमाबाई म्हणाल्या. "चार बदलाचे होते, पाच बदलले. मोहिनी नावाच्या बाईनं मले दाखवलं होतं, मी तिची मस्करी केली. हे सारं मी लिहून आणलं आहे. खाली सही आहे. वाचून घ्या, अन् ठरावात लिहून घ्या."

ग्रामसेवकांनी कागद घेतला. मग कोणी तरी म्हणाले, "बाप्पा, इच्यावर आता केस होईन." एवढेच. तानबांविषयी कोणी एक शब्द काढला नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. चौकशी झाली. मशीन जप्त झाले. रुपेश यांनी जबाब दिला की फाईल आपल्याला न विचारता बदलली. पौर्णिमाबाईंची नोकरी गेली आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. त्याच महिन्यात मी प्रौढ वर्गात नाव घातले. पुरवणी अहवाल सात महिन्यांनी आला, तोपर्यंत मला जोडाक्षरे येऊ लागली होती. मी तो चार दिवस लावून स्वतः वाचला. मयताने कुंपणात थेट वीज सोडल्याचे दिसून येत नाही, असे एक वाक्य त्यात आहे. त्याच्या पुढच्याच वाक्यात पौर्णिमाबाईंचे नाव आहे.

मी तो कागद पानठेल्यावर नेला. श्रावणने वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "बरं झालं, काकू. पण कागद काय, कोणीही करून आणते." पंपाजवळच्या वायरचे तो अजून सांगतो. काही लोक ऐकतात आणि काही ऐकत नाहीत.

कोर्टाच्या तारखेच्या आठ दिवस आधी पौर्णिमाबाई आमच्याकडे आल्या. आता त्या वडिलांच्या दुकानात मोटारी भरतात. हाताला तारेचे चरे पडले होते. त्या म्हणाल्या, "वकील म्हणते, ग्रामसभेतलं दबावाखाली लिहून देल्लं असं सांगा. फाईल कोणीही उघडत होतं, असं सांगा. मंग सुटता येते."

"मंग सांग."

"तसं सांगतलं तर तानबाजीचा कागद बी खोटा होते, मावशी."

मला ते माहीत होते. पाल शिरली एवढे मशीन सांगते, पण राखणदार कसा मेला हे त्यांच्याच शब्दांवर उभे आहे. ते शब्द गेले तर पहिला पंचनामा उरतो आणि त्याच्या खालचा माझा अंगठा. मी त्यांना तसे सांगू नको म्हटले नाही. सांग असेही पुन्हा म्हटले नाही. त्यांचे वडील ऐंशीचे आहेत आणि आई अंथरुणावर आहे. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला.

वर्ध्याच्या न्यायालयात त्यांना फाईलबद्दल विचारले, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. वकिलांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी वकिलांकडे पाहिले नाही. "मीच बदलली," त्या म्हणाल्या. "मले कोणी दबाव नाई देल्ला." वकिलांनी आपले कागद गोळा केले. पुढची तारीख मिळाली. निकाल अजून लागलेला नाही, आणि तो काय लागेल हे त्यांना ठाऊक आहे असे मला वाटते.

दुपारी आम्ही दोघी बसस्थानकावर उभ्या होतो. त्यांना देवळीची बस हवी होती आणि मला आर्वीची. माफ केले काय, असे त्यांनी मला आजवर कधी विचारलेले नाही. देवळीची बस आधी लागली.

"येतो, मावशी."

"सांभाळून जाजो," मी म्हटले.

गर्दी होती. त्यांना बसायला जागा मिळाली नाही. बस फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या दांडी धरून उभ्या दिसत होत्या.